आमसुलाच्या पाण्यातला नीलम

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यापैकी मोठ्याने कॅमेऱ्यासमोर मुठीएवढा निळा दगड धरला आणि म्हणाला, "आजी, ओळख." कॉलेजच्या सहलीत तिकडच्या एका जुन्या खाणीजवळ त्याला तो सापडला होता. गर्द निळा, मधून पांढऱ्या शिरा, एका कडेला राखाडी डाग. मी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हटलं, "सोडालाइट." धाकटी हसत सुटली. मोठा मात्र दगड पुन्हा उलटून पाहायला लागला. खडक-खनिजांचं शिक्षण तो घेतोय आणि नाव पनवेलमध्ये बसलेल्या आजीला कसं माहीत, हे त्याला कळेना. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगता आलं नसतं, कारण आपली मावशी तेव्हा स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजत होती आणि गोष्ट माझ्याहून तिची जास्त होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मुलांना लिहून पाठवू का. ती म्हणाली, "लिवा की. पन माझं बोलनं इंग्लिशमदी नका घालू. तिकडं जाऊन माझं तोंड कसं दिसंल कोन जाने."

म्हणून हे मराठीत. अडेल तिथे तुमच्या आईला विचारा.

मावशीला तुम्ही ओळखता, पण सुट्टीत आलेल्या पाहुण्यांनी ओळखावं तेवढंच. तिच्या हातची तांदळाची भाकरी तुम्ही खाल्ली आहे, आणि धाकटीला बोंबील काटा न लागता कसा खायचा ते तिनंच शिकवलं. एकोणतीस वर्षं ती आपल्याकडे कामाला येते. तिचं गाव उरणच्या बाजूला. तिच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे मिठागरं होती. ती बुजवली गेली, बंदर आलं, रस्ते आले, आणि तिच्या नवऱ्याला बंदरावर काम लागलं. मोठमोठ्या पेट्या जहाजावर साखळ्यांनी बांधायचं काम. एकदा साखळी तुटून त्याच्यापासून हातभर अंतरावर आदळली. तो वाचला. पण घरच्यांनी पत्रिका दाखवली, शनी निघाला, आणि ज्योतिषाने नीलम घालायला सांगितला. कोणाकडून तरी त्यांनी तो घेतला आणि पंचधातूच्या अंगठीत बसवला. तो दगड आरपार दिसत नव्हता. विकणाऱ्याने सांगितलं होतं की भारी नीलम असाच असतो, उजेडसुद्धा आत शिरू देत नाही. ती अंगठी त्या माणसाच्या हातात मी कितीदा पाहिली. दिवाळीला तो फराळ घेऊन यायचा तेव्हा, तुमच्या आजोबांबरोबर आमचं कपाट हलवायला आला तेव्हा. मला एकदाही शंका आली नाही. शिकलेलं माणूस आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींत इतरांइतकंच आंधळं असतं, फक्त ते मान्य करायला त्याला उशीर लागतो.

अंगठी घातल्यावर तो अकरा वर्षं जगला. गेला तो काविळीने, समुद्राने काही केलं नाही त्याला. त्यानंतर मावशीनं ती अंगठी कधी बोटात घातली नाही. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवली होती.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण चूक माझी आहे.

माझ्या कामांचा एक क्रम असतो, हे तुम्हाला माहीत आहे. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या आहेत म्हणून तुम्ही मला हसता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी देव आणि तांब्या-पितळेची भांडी काढते. सोलकढी केली की उरलेली आमसुलं मी टाकत नाही. बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवते. शनिवारी मोठ्या पातेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ, ती आमसुलं, आणि त्यात सगळं बुडवायचं. नंतर रांगोळीने घासायचं, धुवायचं, पुसायचं. तांबं असं निघतं की बघत राहावं. माझ्या आईची हीच पद्धत होती, तिच्या आईचीही हीच. तुमचे आजोबा याला देवांचं सर्व्हिसिंग म्हणतात. काय काय बुडवलं त्याची यादी माझ्या वहीत असते. काढताना एकेक वस्तूपुढे खूण करायची.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात मावशीच्या पुतणीचं लग्न होतं आणि मांडव मावशीच्याच अंगणात होता. त्याच सुमारास तिच्या मुलाला जहाजावर पहिली नोकरी लागली होती. डेकवर दोरखंड ओढायची, रंग लावायची, पडेल ते करायची. लग्नानंतर बारा दिवसांनी त्याला निघायचं होतं. सुट्टीवर जाण्याच्या आदल्या सकाळी तिनं रुमालाची गाठ सोडून ती अंगठी माझ्या टेबलावर ठेवली.

"मांडवात चार मानसं येतील-जातील," ती म्हणाली. "तुमच्यात राहू दे थोडे दिस."

मी ठेवून घेतली. कपाटात एका डबीत घातली आणि डबीवर तारीख लिहिली. आणखी काही विचारलं नाही. तिची नजर डबीवरून हलत नव्हती, हे मला दिसलं होतं. मी समजले, नवऱ्याची आठवण येत असेल.

नंतर शनिवार आला. भांडी काढताना डबी दिसली, उघडून पाहिली. पंचधातू काळवंडला होता, खाचांत हिरवं साचलं होतं. मुलगा परदेशी निघालाय, बापाची अंगठी त्याला ती देईल, तर लख्ख करून परत द्यावी, असं मनात आलं. समोरच्याला किती बरं वाटेल, असा विचार डोक्यात आला की माझ्या हातून काहीतरी बिघडतं, हे या वयातही मला शिकायचं होतं. अंगठी पातेल्यात टाकली. तेवढ्यात तुमच्या आईचा फोन आला, तो पाऊण तास चालला. परत येऊन मी यादीप्रमाणे एकेक वस्तू बाहेर काढली. ताम्हन, पळी, पंचपात्री, समई, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. यादी पुरी झाली म्हणून मी पातेलं मोरीत सरकवून ठेवलं, सकाळी त्याच पाण्याने नळ घासायला उपयोगी पडेल म्हणून. अंगठी यादीत नव्हती.

रविवारी सकाळी पातेलं उपडं केलं तेव्हा ती तळाशी टणकन वाजली.

धातू सोन्यासारखा झाला होता. दगड मात्र मी खिडकीशी नेऊन पाहिला. निळा रंग होता, पण आरशावर कोणी श्वास सोडावा तसा वरून धुरकटला होता. पांढऱ्या शिरा बोटाला खरखरीत लागत होत्या. घाबरलेलं माणूस जे करतं ते मी केलं. म्हणजे आणखी बिघडवलं. रांगोळी घेतली आणि चोळली. धुरकटपणा गेला नाही, वर बारीक ओरखडे उठले.

तुमचे आजोबा पेपर वाचत होते. मी अंगठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, देव तरी ठीक आहेत ना.

सोमवारी मी ती घेऊन जुन्या पनवेलमधल्या एका खडे बसवणाऱ्या कारागिरांकडे गेले. त्यांच्या मुलीला मी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे दुकान माहीत होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा, फिरणारी छोटी चाकी आणि मागे पडदा. मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझं बोलणं संपायच्या आधीच मान हलवायला लागले.

"मॅडम, साफ सांगतो. हा नीलम नाही. नीलम तुमच्या कोकमाला भीक घालणार नाही. महिनाभर ठेवा पाण्यात, हसत बाहेर येईल."

मी विचारलं, मग लाजवर्द असेल का. त्या निळ्या दगडाचं एवढं नाव मी ऐकून होते. त्यांनी बिनचकाकीच्या फरशीचा एक तुकडा काढला, अंगठी उलटी करून दगडाची पाठ त्यावर हलकेच ओढली. पांढरी रेघ उमटली. लाजवर्द असता तर रेघेत निळसर छटा आली असती, म्हणाले, आणि त्यात बहुधा सोनेरी कण चमकतात, ते यात नाहीत. मग त्यांनी मला पडद्याआड बोलावलं आणि नोटा तपासायची जांभळी बत्ती दगडावर धरली. निळा रंग विझल्यासारखा झाला आणि त्याच्या आत ठिकठिकाणी नारिंगी ठिपके पेटले. राखेखालचे निखारे फुंकर घातल्यावर दिसतात, तसे. मी अंगठी बिघडवली आहे हे क्षणभर विसरले. एवढी वर्षं त्या माणसाच्या बोटात हे होतं आणि आम्ही कोणी पाहिलं नव्हतं.

"सोडालाइट," ते म्हणाले. "खूबसूरत दगड आहे, मिजाज नाजूक. लोक लाजवर्द म्हणून खपवतात. नीलम म्हणून खपवलेला मी पहिल्यांदाच पाहतोय."

राजस्थानात किशनगडकडे याचाच एक भाऊ निघतो, असंही त्यांनी सांगितलं. ताजा फोडला की आतून गुलाबी दिसतो, उजेडात रंग उडून जातो आणि पुष्कळ दिवस अंधारात ठेवला की परत येतो. तरुणपणी त्यांनी तसा तुकडा हातात धरला होता. आमचा दगड त्या जातीचा नव्हता. आमचा साधा, निळा तो निळाच.

(मोठ्या, हे नंतर मी वाचून काढलं. चुकलं असेल तर कळव. नीलम कठीणपणात नऊ, गारगोटी सात, हा सहाच्याही जरा खाली. बाजारच्या रांगोळीत गारगोटीची पूड असते, म्हणून ओरखडे. फेल्डस्पार हे खनिज तयार व्हायला जेवढी सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, लागते तेवढी खडकाच्या रसात नसली की त्याच्या जागी सोडालाइटसारखे फेल्डस्पॅथॉइड तयार होतात. जिथे गारगोटी असते तिथे ते टिकत नाहीत, एकमेकांसोबत सापडत नाहीत. आणि मी त्या दोघांना माझ्या मोरीत एकमेकांवर घासलं. आम्लाने त्याचा पृष्ठभाग विरघळायला लागतो. त्याच्या नावात सोडियम आहे आणि आत क्लोरिनही आहे, म्हणजे मिठात असतात तेच दोघे.)

कारागिरांनी सुचवलेला मार्ग सोपा होता. चाकीवर वरचा पातळ थर काढायचा, पॉलिश मारायचं, दोन दिवसांत होता तसा. "बाईंना कळणारही नाही," ते म्हणाले. मला वाईटपणा येऊ नये म्हणूनच म्हणाले. मी अंगठी परत पर्समध्ये ठेवली आणि उद्या सांगते म्हटलं.

घरी येऊन आजोबांशी बोलले. माझी अडचण अशी होती. दगड धुरकटला, एवढंच सांगितलं तरी मावशी विचारणार, नीलम असा कसा धुरकटला. म्हणजे माझी चूक सांगायची तर तिच्या नवऱ्याची फसवणूकही सांगावी लागणार. ज्या दगडाने आपला माणूस अकरा वर्षं सांभाळला असं ती मानते, तो दगड मुलगा समुद्रावर निघायच्या आठ दिवस आधी मी तिच्याकडून काढून घ्यायचा. आणि गप्प बसायचं, तर सत्तावीस वर्षं जिच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे तिला मी पॉलिश मारून फसवायचं.

आजोबांनी पेपर घडी करून ठेवला. ते क्वचित ठेवतात.

"तुझा ग्रहांवर विश्वास नाही," ते म्हणाले. "तेव्हा आधी हे बघ, तुला तिला खरं सांगायचंय, की तुझं बरोबर होतं हे सांगायचंय?"

मला राग आला, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. अंगठ्या, खडे, शांती यांवर मी तिच्याशी कधी वाद घातला नव्हता, पण मनात हसले नव्हते असंही नाही. त्या दोन दिवसांत मी पुष्कळदा तपासून पाहिलं, की हा दगड खोटा निघाला याचा मला कुठे कोपऱ्यात आनंद झालाय का. थोडा झाला होता. तो आनंद मेल्यावरच मावशीशी बोलायचं असं ठरवलं, आणि गुरुवारपर्यंत तो मेला, कारण भीतीने त्याला जागा उरली नव्हती.

गुरुवारी साडेआठला मावशी आली. नखं हळदीने पिवळी, हातात बुंदीच्या लाडवांचा डबा. मी म्हटलं, आधी बस. ती बसली नाही.

"कोन गेलं का?" तिनं विचारलं.

मी अंगठी पांढऱ्या रुमालावर ठेवून तिच्यापुढे सरकवली आणि शनिवारपासून सगळं सांगितलं. बुडवली, विसरले, रांगोळीने घासली, तिला न विचारता बाजारात नेली. ती ऐकत होती आणि अंगठीकडे बघत होती. हात लावला नाही.

"मी तुमाला ठेवायला दिलती," ती म्हणाली.

"हो."

"घासायला नव्हती दिली."

"नाही."

"सत्तावीस वरसं या घरातली भांडी मी घासते. एक जिन्नस तुमच्या हातात दिला..." पुढचं तिनं सोडून दिलं. ते तिनं पूर्ण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, पॉलिश करून मिळेल, होती तशी होईल. आणि इथे मी थांबू शकले असते. खरं सांगायचं तर मी थांबलेच होते. पण मावशी मिठागरवाल्यांची मुलगी. खारं पाणी कशाचं काय करतं हे लहानपणापासून बघितलेली.

"पन बाई," ती हळूच म्हणाली, "आमसुलानं नीलम कसा जाईल? आमसुलानं तं तांब्याचा मळ जातो."

मग मी सांगितलं. नीलम नाही, कधीच नव्हता. दुसरा दगड आहे, खरा दगडच आहे, काच नाही, पण नीलम नाही.

 ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. साचलेली भांडी नव्हती, मी रोज घासली होती, तरी तिनं ओट्यावरची स्वच्छ भांडी घेतली आणि घासायला लागली. मी खुर्चीत बसून राहिले. आजोबांनी पेपर उचलला, पण पान उलटलं नाही. मला वाटलं, आता ती पदराला हात पुसेल, किल्ली टेबलावर ठेवेल आणि जाईल. दुसऱ्या मोलकरणीचा विचार माझ्या मनात आला नाही. आला तो विचार असा, की तुमची आई बाळंतपणाला आली तेव्हा हिनं महिनाभर तिला अंघोळ घातली, मी गुडघ्याचं ऑपरेशन करून आले तेव्हा मला धरून संडासात नेलं, आणि तिच्या आयुष्यातली एकच वस्तू माझ्याकडे आठवडाभर होती.

नळ बंद झाला. ती दारात येऊन उभी राहिली.

"मंग ह्याच्यात शनी नाय?"

मी म्हटलं, मला शनीतलं काही कळत नाही. दगडातलं त्या कारागिरांना कळतं, आणि ते म्हणतात हा नीलम नाही आणि लाजवर्दही नाही. हा कुठल्या ग्रहाचा म्हणून कोणी देत असल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही.

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा ती खुर्ची ओढून बसली. एरवी ती माझ्यासमोर खुर्चीत बसत नसे. आणि तिनं जे सांगितलं ते मला सत्तावीस वर्षांत सुचलं नसतं. मुलगा सहा महिने अंगठी मागत होता. बापाची आहे, मी घालून जातो. आणि ती सहा महिने टाळत होती. नीलम बापाला लाभला म्हणून मुलाला लाभेल असं नसतं. लाभला तर राजा करतो, नाही लाभला तर घर धुऊन नेतो, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. ज्योतिषाला विचारायची तिची छाती होत नव्हती, कारण तो नाही म्हणाला तर मुलगा बापाची एकुलती एक वस्तू सोडून जाणार, आणि हो म्हणाला तरी तिला झोप लागणार नव्हती. मांडवातली चोरी वगैरे काही नव्हतं. मुलाने हळदीला ती घालून नाचू नये म्हणून तिनं अंगठी घराबाहेर काढली होती.

"मंग त्याला काय सांगणार होतीस?" मी विचारलं. तिच्यासारखंच 'मंग' माझ्या तोंडून निघालं.

तिनं खाली बघितलं. "सांगनार होते, बाईंच्या कपाटात ठेवली, बाईंकडनं हरवली."

पेपरामागून आजोबांचा आवाज आला, की हरवण्यापेक्षा बाईंनी बरंच केलं म्हणायचं. आधी ती हसली, मग मी. बऱ्याच वेळाने तिनं अंगठी उचलली आणि धुरकट दगडावरून अंगठा फिरवला.

"फसला म्हनायचा माझा मानूस."

मी म्हटलं, कोणीही फसलं असतं, मी रोज बघून फसले.

"फसला तं फसला. अकरा वरसं बिनघोर कामावर गेला. तेवढं बास." मग म्हणाली, "नीलम असता तं आज मी पोराला दिली नसती. आता देनार."

शनिवारी आम्ही दोघी कारागिरांकडे गेलो. मावशीनं त्यांची उलटतपासणी घेतली. त्यांनी पडद्याआड नेऊन तिलाही नारिंगी ठिपके दाखवले. ती किती तरी वेळ आत होती. बाहेर येऊन मला म्हणाली, आत आग हाय. मी वाचलेलं तिला सांगितलं, मिठात असतात ते दोन्ही घटक या दगडात आहेत. ती म्हणाली, "आमची आगरं बुजवली तवा कुठं गेली म्हनत होते, ती हितं गेली व्हय."

कारागिरांचं म्हणणं पडलं, की हा दगड अंगठीचा नाहीच. अंगठीतला खडा दिवसभर कशाला ना कशाला घासतो. दोरखंडाच्या कामात हा महिनाभरात संपेल, आणि तसल्या कामात बोटात अंगठी असणंच धोक्याचं. गळ्यात घालावा, सभोवती उंच कड ठेवून, म्हणजे आपटला तर कड मार खाईल. अशा दगडाच्या माळा होतात, लोलक होतात, कानातले होतात, तिथे तो वर्षानुवर्षं टिकतो. मावशीला पटलं. पॉलिश करायची वेळ आली तेव्हा तिनं त्यांचा हात थांबवला.

"पुढची बाजू करा. मागची तशीच राहू द्या."

त्यांनी विचारलं का.

"बाईंनी घासलेली हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

खडा निघाला, चांदीच्या कडेत बसला आणि दोऱ्यात ओवला गेला. मावशीनं मुलाला सगळं खरं सांगितलं. नीलम नाही, फसवून दिलेला, आमसुलाने खराब झालेला, सगळं. तो दोरा गळ्यात घालून मला नमस्कार करायला आला तेव्हा म्हणाला, आजी, बरं झालं, नीलम असता तर हिनं मला दोराही दिला नसता.

बाळांनो, त्या आठवड्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे, आणि कोणाकोणाची हे नीट सांगता यावं म्हणून एवढं लिहिलं. सोपा मार्ग सांगूनही आधी खरं नाव सांगणाऱ्या त्या कारागिरांची. वेळेवर पेपर खाली ठेवणाऱ्या आजोबांची. त्या दगडाचीसुद्धा, की तो मऊ निघाला. कठीण असता तर पातेल्यातून जसाच्या तसा बाहेर आला असता, मी पुसून डबीत ठेवला असता, आणि ती बाई मुलाशी खोटं बोलून आयुष्यभर कुढली असती. सगळ्यांत जास्त मावशीची. रागवायचा पुरेपूर अधिकार असताना ती नळाशी गेली, आणि परत आली.

मुलगा आता तिसऱ्यांदा जहाजावर गेला आहे. फोटो पाठवतो त्यात कॉलरमधून दोरा दिसतो.

रिकाम्या अंगठीचं काय करायचं, असं कारागिरांनी विचारलं होतं. मावशीनं ती मागून घेतली. खड्याची जागा त्यांनी घासून सपाट करून दिली, आणि ती सैल होते म्हणून मावशीनं आतून दोरा गुंडाळला. दगड मुलाच्या गळ्यात आहे, पुढून चकचकीत, मागून धुरकट. अंगठी मावशीच्या मधल्या बोटात आहे. ती काळी पडली आहे, आणि मी तिला हात लावत नाही.